मिठागरातलं पोहणं

मिठागरावरचं काम संपवून वाडीवर परतलेल्या सोनीने पहिली फुशारकी मारली ती पोहण्याची. वैशाखरे गावाच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी आणि खाली लहानसं धरण. तिथे जाळं टाकायचं काम तिच्या नवऱ्याचं, पोश्याचं. पण यंदा खाऱ्या चिखलात उभं राहून त्याच्या तळपायांना जखमा झाल्या होत्या, आणि डॉक्टरने पाण्यात पाय घालायचा नाही म्हणून बजावलं होतं.

"मग मी टाकते जाळं," सोनी म्हणाली.

"तुला पवता येतंय काय?"

"तिकडं तळ्यात रोज पडायची ती काय? हातपाय न हलवता तरंगायची. सगळ्या बायांनी बघितलंय."

ते खोटं नव्हतं. मिठागराच्या आटत आलेल्या तळ्यात ती उताणी पडली की पाणी तिला अलगद वर धरायचं. ओठ चरचरायचे, अंग वाळल्यावर पांढरी पुटं चढायची, पण दिवसभर फावडं ओढून मोडलेली कंबर तेवढ्या वेळापुरती तरी मोकळी व्हायची. साऱ्या हंगामात तेवढंच एक तिचं स्वतःचं होतं.

सकाळी नणंद रत्नाला घेऊन ती धरणावर गेली. गळ्याएवढ्या पाण्यात शिरली आणि तशीच मागे रेलली. आधी टाचा खाली गेल्या, मग कंबर, मग नाकातोंडात पाणी. खोकत खोकत उठली.

"वैनी, तळाचे मासे मोजाया गेलीस काय?" काठावर रत्नाला हसू आवरेना.

सोनी पुन्हा पडली, पुन्हा बुडाली. दुसऱ्या दिवशीही तेच. पोश्या म्हणाला, "भितेस तू. अंग आखडतेस." तिला त्याचाच जास्त राग आला. भीती तिला वाटतच नव्हती. मग शरीर ऐकत का नव्हतं?

त्याच तिरमिरीत ती दुपारी कैऱ्या खारात घालायला बसली. मडक्यातल्या पाण्यात कैऱ्या टाकल्या. त्या तळाला जाऊन बसल्या. मिठागरावरून आणलेलं जाडं मीठ मुठी-मुठीने ओतत तिने काठीने ढवळलं. एक कैरी हलली, वर आली. मग दुसरी. बघता बघता सगळ्या वर येऊन मडक्याच्या तोंडाशी दाटल्या. दरवर्षी ती त्यांच्यावर दगड ठेवायची, पण त्या वर का येतात हे कधी मनात आलं नव्हतं. आज हात तिथेच थांबला.

"पाणी जड झालं," ती पुटपुटली. "कैरी हाय तीच हाय. पाणी जड झालं म्हणून उचलतंय."

पोश्याने ऐकलं आणि सहज बोलून गेला, "म्हंजे तुला पवता येतच नव्हतं."

मडकं उचलून त्याच्या अंगावर ओतावं असं तिला वाटलं. बरोबर बोलला म्हणून तर अजूनच. जे आपलं म्हणून हंगामभर जपलं, ते मिठाचं निघालं.

पण घरात कालवणाला काही नव्हतं. दुसऱ्या सकाळी तिने तेलाचे दोन रिकामे कॅन कंबरेला आवळले, दोरीचं टोक रत्नाच्या हातात दिलं आणि पाय झाडत आत गेली. जाळं वाकडंतिकडं पडलं. दुसऱ्या दिवशी ओढलं तेव्हा ओंजळभर बारके मळे मासे आणि एक खेकडा निघाला. रत्ना खूश झाली. "जमलं की गो वैनी!"

सोनीने कंबरेचे कॅन सोडून काठावर आपटले आणि परत पाण्यात शिरली. छाती भरून श्वास घेतला, मान मागे टाकली. छाती वर राहिली, पाय मात्र हळूहळू खाली ओढले गेले. श्वास सोडला तशी ती गपकन बुडाली. शिवी हासडून उभी राहिली आणि डोळ्यांवरचे केस मागे सारले.

"वैनी, चल ना, ऊन झालं. कालवण कधी करायचं?"

"तू कर जा," सोनी ओरडली आणि पुन्हा श्वास भरून घेतला.