सनदेआधीचे निकाह

"सनद आमची, आणि पडद्यामागची अर्धी सतरंजी मात्र यांना!" जरीना पुटपुटली. पुटपुटली म्हणजे शेजारी बसलेल्या कमरजहांला नीट ऐकू जाईल इतपत.

कमरजहांनं गुडघा तसूभर हलवला नाही. पडद्यापलीकडे, शनिवार पेठेच्या चावडीत, तिच्या नवऱ्याचा निवाडा चालला होता. काझीपणाचं वतन मूळ थोरल्या घराचं. पेशव्यांच्या धामधुमीत ते घर जुन्नरास जाऊन बसलं आणि काम तिच्या नवऱ्याच्या, धाकट्या घरच्या मुनव्वरच्या गळ्यात पडलं. चोवीस वर्षं पेठेतला प्रत्येक निकाह त्यानं लावला. लोक काझीसाहेब म्हणत, ईदेला पागोटंही त्यालाच मिळे. कागद तेवढा नव्हता. आता जरीनाचा नवरा मकबूल, थोरल्या घरचा पुतण्या, शिक्क्याची नवीकोरी सनद घेऊन हजर झाला होता.

"शिक्का खरा आहे," श्रीधरपंत कारकून म्हणाले. "मुनव्वरमियां, दप्तर द्या."

"देतो. लावलेले निकाह तेवढे कायम राहू देत."

"कसे राहतील?" मकबूल उसळला. "चाचा नुसते गादीवर बसले होते. सनद नाही, तर निकाह नाही. सगळ्यांनी माझ्याकडून पुन्हा लावून घ्यावेत."

"त्यांना पोरं झालीत," श्रीधरपंतांनी तपकीर ओढली. "तीही पुन्हा व्हायची का?"

कुणी हसलं नाही. अत्तार, पिंजारी, सगळे खाली बघत बसले. प्रत्येकाला एकच निकाह आठवत होता, अकरा वर्षांपूर्वीचा. वधूच्या बापानं अख्ख्या पेठेला पुलाव घातला होता. पण बोलायचं कसं? पेठेच्या लेकीची अब्रू होती ती. मुनव्वरनंही ओठ घट्ट मिटले. एका वाक्यात वाचला असता, पण नाही.

कमरजहांच्या तर ते वाक्य जिभेवर आलं होतं. ह्या फणकारेवालीची बरी जिरली असती! तिनं शेजारी पाहिलं. जरीनाच्या मांडीवर धाकटी पोर झोपली होती, तोंडात अंगठा घालून. कमरजहांनं वाक्य गिळलं, आणि गुडघा आवरून सतरंजीवर जागा करून दिली.

"इतकी वर्षं ही सगळी बिननिकाहाचीच राहिली म्हणायची!" मकबूल पलीकडे म्हणत होता.

जरीना त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. मग पडद्याआडूनच, चावडीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"ऐकलंत का, नवे काझीसाहेब? आपला निकाहही ह्याच चाचांनी लावला होता. मग मी तुमची कोण?"