दोघींचा पीळ

मी एक जुनी तार आहे. मित्रांनो, तार म्हटलं की तुम्हाला विजेचा झटका आठवतो. माझ्यात तेवढी धमक नाही. मी फक्त निरोप पोचवते. शिवाय मी एकटी नाही, मला जुळी बहीण आहे. मी पिवळी, ती हिरवी. जन्मल्या जन्मल्या कारखान्यातल्या एका यंत्राने आम्हा दोघींना गरागरा फिरवून एकमेकींच्या गळ्यात घातलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तो सुंभ आमचा लांबचा नातेवाईक.

पुढे आमची रवानगी एका गाडीच्या पोटात झाली. गाडीत इंजिनाचा एक छोटा संगणक असतो, ब्रेकचा दुसरा, स्टिअरिंगचा तिसरा. त्यांना कंट्रोल मॉड्यूल असं भारदस्त नाव आहे. ही मंडळी दिवसभर आमच्यावरून एकमेकांशी बोलतात. निरोप निघाला की माझा विजेचा दाब जरा चढतो आणि हिरवीचा तेवढाच उतरतो. ऐकणारा आमच्यातला फरक तेवढा मोजतो. बाहेरचा गोंगाट आला, तर पिळामुळे तो दोघींना सारखाच लागतो आणि फरक जागच्या जागी राहतो. माणसांच्या घरात फरकावरून भांडणं होतात असं ऐकते. आमच्या घरात फरकावरच संसार चालतो.

आमची मालकीण जनावरांची डॉक्टर. चिखल, चढ, गोठे, अडलेल्या गाई, यांतच आमची उमेदीची वर्षं गेली. घरी परतल्यावर बाई डॅशबोर्डवर थाप मारून म्हणायच्या, "गुणाची गं माझी गाडी!" आम्ही दोघी आतल्या आत फुलून जायचो. आमचं नाव कुणी घेत नसे, पण गाडी म्हणजे आम्हीच, असा आमचा समज होता.

बाईंचे सासरे निवृत्त शिंपी होते. दुकान बंद झालं, पण हात काही बंद होईनात. घरातले पडदे संपले, उशा संपल्या, तेव्हा त्यांनी मोर्चा गाडीकडे वळवला. सीटना नवी कव्हरं शिवली. मग पायाखालचं कापड बदलायला घेतलं. त्यासाठी डॅशबोर्डखालची फळी काढली आणि त्यांना आम्ही दिसलो.

"अरे देवा, केवढा हा गुंता!" ते कळवळून म्हणाले. "कारखान्यात कुणी चांगला कारागीर नव्हता वाटतं."

शिंप्याला गुंता दिसला की त्याला जेवण जात नाही. त्यांनी आमची टोकं सोडवली, हातभर पीळ अगदी मायेनं उलगडला आणि आम्हाला सरळ टीप घालावी तसं वेगवेगळ्या बाजूंनी बसवून टोकं पुन्हा जोडली. हिरवी गेली डाव्या कडेला. मी गेले गाडीतल्या हवेच्या पंख्याच्या तारेला खेटून. आमच्या बाबतीत पीळ गेला आणि सुंभ शिल्लक राहिला.

तिथून साडेसाती लागली. सकाळी जाताना गाडी शहाण्यासारखी जायची. येताना मात्र भर रस्त्यात डॅशबोर्डवरचे सगळे दिवे पेटायचे आणि स्टिअरिंग दगडासारखं जड व्हायचं. एकदा मागून ट्रक येत होता. त्या दिवशी घरी आल्यावर बाई खूप वेळ गाडीतच बसून राहिल्या. मग सासऱ्यांना म्हणाल्या, "बाबा, उद्या संध्याकाळी भंगारवाला येतोय. मी औषधांच्या कंपनीत टेबलावरची नोकरी धरते."

"आणि गाई?" सासऱ्यांनी विचारलं.

बाईंनी गाडीची किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

शेवटचा उपाय म्हणून सकाळी बाई आणि सासरे गाडी घेऊन सबूरमामांच्या गॅरेजात गेले. येईल त्याला "सबूर" म्हणतात म्हणून हे नाव. मामांनी तपासणीचं यंत्र लावलं. इंजिन म्हणे, ब्रेकने बोलणं टाकलं. ब्रेक म्हणे, इंजिनच अबोला धरून बसलंय. स्टिअरिंगची दोघांविरुद्ध तक्रार.

"लग्नघर झालंय नुसतं," मामा म्हणाले.

"कोण बिघडलंय? बदलून टाका," बाई घाईत होत्या.

"सबूर! सगळे एकमेकांची चुगली करतात, तेव्हा बहुधा बिचारे सगळेच बरे असतात. रस्ता बिघडलेला असतो."

त्यांनी मीटरने आम्हा दोघींमधला रोध मोजला. अगदी हवा तेवढा. पडद्यावर आमच्या निरोपांची रेघ पाहिली. तीही स्वच्छ. मामांनी डोकं खाजवलं.

"डॉक्टरताई, येताना काय वेगळं करता?"

"काही नाही हो. गोठ्यातून निघते. कपड्यांना वास मारतो, म्हणून पंखा फुल्ल सोडते."

मामांनी पंखा फुल्ल सोडला. पडद्यावरच्या रेघेला दाढी फुटली आणि सगळे दिवे पेटले. मामा आडवे होऊन डॅशबोर्डखाली शिरले. आतून आवाज आला, "हे सरळ कुणी केलं?"

"मी," सासरे अभिमानाने म्हणाले. "छान झालंय ना?"

"काका, इतकं छान झालंय की गाडी भंगारात निघालीय."

मामांनी त्यांना खाली वाकवून समजावलं, की पीळ गेल्यामुळे पंख्याचा गोंगाट एकाच तारेला लागतो आणि निरोप बिघडतात. सासऱ्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे गुंता नव्हता? वीण होती?"

बाई एकदम खळखळून हसल्या. "बाबा, तुम्ही उसवलंय, आता तुम्हीच शिवा!"

मामा सरकले. सासऱ्यांनी चष्मा पुसला, आम्हाला बोटांत धरलं आणि घट्ट, एकसारखा पीळ घातला. कारखान्यातल्या यंत्राला लाज वाटावी असा! मामांनी टोकं डाख देऊन पक्की जोडली आणि आम्हाला पंख्यापासून दूर नेलं. हिरवी इतक्या दिवसांनी जवळ आली, मित्रांनो, आणि पहिलं काय म्हणाली असेल? "जाड झालीस."

भंगारवाला आला तेव्हा गाडी जागेवर नव्हती. बाई एक अडलेली गाय सोडवायला गेल्या होत्या. सोबत सासरेही होते, गाडीवर भरवसा आहे हे दाखवायला. कालवड झाली. परतताना पंखा फुल्ल होता, स्टिअरिंग लोण्यासारखं फिरत होतं आणि बाई डॅशबोर्डवर थाप मारत होत्या. वास काही गेला नाही. त्याला आमचा इलाज नाही.

तर मित्रांनो, एवढंच मागणं आहे. आवराआवर जरूर करा. पण दोन जीव एकमेकांत गुंतलेले दिसले, तर सोडवण्याआधी त्यांना एकदा विचारा. आम्हाला विचारलं असतं, तर आम्ही दोघींनी एका सुरात "नको" म्हटलं असतं. म्हणजे एकीने जरा वरच्या आणि दुसरीने तेवढ्याच खालच्या.