कच्च्या माश्या

मोंटानातल्या त्या खोऱ्यात व्हर्नाने मासेमारीच्या गळासाठी बांधलेली माशी कधी सुटली, असं कुणी ऐकलं नव्हतं. जूनमध्ये खऱ्या स्टोनफ्लाय माश्या नदीतून काठावर चढू लागल्या की त्या खायला ट्राउट मासे वेडे होत. त्या दिवसांत गळावर केस-पिसं बांधून केलेल्या तिच्या नकली माश्या कितीही चावल्या गेल्या तरी टिकत. वरून तांब्याची तार उलटी गुंडाळायची, प्रत्येक वेढ्याला गोंद लावायचा, हे तिचं कसब. तिचा नवरा ऑरिन या माश्यांवर इतका जीव टाकी, की एखादी ओंडक्यात अडकली तर गळाची दोरी तोडून मोकळं व्हायचं सोडून हा बाबा स्वतःच पाण्यात उतरे.

गेल्या जूनमध्ये असाच उतरला आणि वाहून गेला. खालच्या वळणावर काठाला लागला म्हणून वाचला. त्यावर तो हसला, व्हर्नाला मात्र कित्येक रात्री झोप लागली नाही.

यंदा बर्फ उशिरा वितळला आणि नदी दुथडी भरून गढूळ वाहत होती. म्हणून व्हर्नाने गुपचूप कच्च्या माश्या बांधल्या. तार नाही, गोंद नाही. असल्या माशीसाठी कोण जीव धोक्यात घालील, असा तिचा हिशेब. मुद्दाम वाईट काम करताना तिला स्वतःची लाज वाटली, तरी तिने डबी भरून त्याच्या हातात दिली.

दुपारी शेजारचा डेल नदीवरून परतताना तिच्याकडे डोकावला. तिच्या माश्या दोन मासे लागले की उसवतात, ऑरिनची डबी सकाळीच रिकामी झाली, असं त्याने सांगितलं. व्हर्नाला हायसं वाटलं. म्हणजे आता तो घरी येईल, ती म्हणाली.

"कसला येतोय! गेल्या सालची एक सापडली ना त्याला टोपीत खोचलेली. म्हणतो, व्हर्नाचे हात थकले आता, अशी माशी परत व्हायची नाही. जीव गेला तरी ही घालवणार नाही."

व्हर्नाने गाडी तशीच नदीवर हाणली.

ऑरिनची होडी काठाला बांधलेली होती. गळाची दोरी पार नदीच्या मधल्या ओंडक्यापर्यंत ताणली होती, आणि ऑरिन छातीभर पाण्यात ती धरून पुढे सरकत होता.

"तोड ती! ऑरिन, तोड! मी चांगली बांधून देते, शप्पथ!"

पाण्याच्या आवाजात त्याला तिचे नुसते ओठ हललेले दिसले. बायको बघायला आली म्हणून तो खुलला. माशी शाबूत आहे, अशी त्याने हाताने खूण केली आणि पुढचा पाय उचलला.