हळदीच्या कपड्यावरचा लाल पंजा

गुरुग्रामच्या एका सोसायटीत मराठी मंडळाच्या बायकांची झुंबड उडाली होती. समोर चमत्कार दाखवणारी सोनममाता, आणि तिच्या मांडीवर हळदीने पिवळाजर्द केलेला कपडा.

"गर्भ बोलता है, बहनों! जिसने टीका लिया, उसके बच्चे का खून यहाँ दिखेगा!"

दारात मातेच्या शिष्येने प्रत्येकीची गोड विचारपूस करत हात धुऊन दिले होते. लस घेतलेल्या एका गर्भवतीने ओला तळवा कपड्यावर टेकवला. लालभडक पंजा उमटला. बाई किंचाळलीच. लस न घेतलेल्या गर्भवती तनयाचा पंजा मात्र पिवळाच राहिला.

"बघितलंस?" सासूबाई, सुहासिनी, म्हणाल्या.

"पण आई, डॉक्टर म्हणाल्या, डांग्या खोकल्याची लस आता घेतली तर बाळालाही..."

"माझ्या नातवाच्या अंगात विष? बिल्कुल नाही!"

"आईला दुखवू नकोस यार," नवरा इंद्रजित म्हणाला. तनयाने लस घेतली नाही.

मुलगा झाला. महिन्याचा असतानाच त्याला खोकला लागला. खोकता खोकता तो निळा पडे. डॉक्टरांनी डांग्या खोकला सांगितला. इतक्या लहान बाळाला स्वतःची लस देता येत नाही, आईकडून मिळेल तेवढंच संरक्षण. सुहासिनीबाईंनी त्याच्या उशाशी मातेचा अंगारा ठेवला. बाळ गेलं.

माता सांत्वनाला आली. "बेटी, तूने मन में टीका लेने का सोचा होगा."

मातेच्या पुढच्या बैठकीला तनया सासूबाईंबरोबर गेली. दारात शिष्येने नेहमीसारखं गोड विचारलं, "टीका लगवाया?"

"हाँ जी," तनया खोटं बोलली.

शिष्येने या वेळी दुसऱ्याच लोट्यातल्या पाण्याने तिचे हात धुतले. पाणी बुळबुळीत लागलं. कपड्यावर पंजा लाल उमटला.

"मी लस घेतलीच नव्हती!" तनया ओरडली. तिने दारातला तो लोटा आणून सासूबाईंच्या हातावर उपडा केला आणि तो हात कपड्यावर दाबला. लाल!

"आई, तुमच्या पोटात कुठलं बाळ आहे?"

सुहासिनीबाई पदराला हात पुसत रडू लागल्या. "मला काय माहीत गं..."

तनयाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "कपडे धुण्याचा सोडा आहे पाण्यात. हळदीला लागला की ती लाल होते. घरी हळदीच्या डागाला साबण लावला तेव्हा मला कळलं, तुम्हीही लावून बघा."

माता मागच्या दाराने सटकली होती.

तनया गर्भवतींकडे वळली. "शंका असेल तर डॉक्टरांना विचारा. नाही पटलं, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. पण लस घ्या. माझा मुलगा दुधाला तोंड लावायचा आणि खोकल्यापायी सोडून द्यायचा. तुमच्या मुलांना तरी पोटभर पिऊ द्या."