चकचकीत पिना

चीजच्या कारखान्यात मार्लिसने डबा उघडला आणि तिला पिनांमध्ये स्वतःचाच चेहरा दिसला.

शुक्रवारी डबा भरला तेव्हा या पिना राख फासल्यासारख्या मळकट होत्या, आणि तशाच दिसायला हव्या होत्या. चीजचे ठोकळे वाहणाऱ्या साखळीच्या या स्टेनलेस पिना भराभर झिजत, म्हणून तिने त्यांच्यावर यंत्राने धातूच्या बारीक गोळ्यांचा मारा केला होता. वरची कातडी ठोकून ठोकून टणक होते, एवढंच त्यातलं शास्त्र. फक्त ती कातडी असते कागदाएवढी पातळ. कारखान्याचा फोरमन व्हर्न याने बजावलं होतं, "या टिकल्या नाहीत तर पुढचं काम शिकागोला." आणि तिच्या वर्कशॉपला दुसरं धड गिऱ्हाईक नव्हतं.

ती कातडी कोणी घासून काढली, हे सांगायला ज्योतिषी नको होता. तिचा सासरा ऑर्विल मागेच उभा होता, सत्यनारायणाला बसल्यासारखा प्रसन्न. वर्कशॉप सुनेच्या हाती देऊनही म्हाताऱ्याचे हात शिवशिवत. मळकट स्टील त्याला बघवत नसे. रविवारी चर्चला दांडी मारून तो पॉलिशच्या चाकाशी बसला होता.

व्हर्नने एक पीन उजेडात धरली. "याला म्हणतात काम. माझं टक्कल झक मारेल हिच्यापुढे."

गप्प बसली असती तर आजचा दिवस निभावला असता.

"घेऊ नकोस त्या," मार्लिस म्हणाली. "पॉलिशमध्ये टणक भाग गेलाय. पुन्हा तशाच झिजतील."

"कुठल्या गाढवाने केलं?"

"मी."

ऑर्विलने जन्मात चूक कबूल केली नव्हती. ट्रॅक्टर तळ्यात घातला तेव्हासुद्धा तळंच चुकीच्या जागी होतं. तो खाकरला.

"खोटं बोलतेय ती. गाढव मी. हिने नीटच केल्या होत्या. माझ्यापेक्षा हिला जास्त कळतं, व्हर्न, आणि हे मी आधीच सांगायला हवं होतं."

व्हर्नने डबा बंद करून मार्लिसकडे सरकवला. "नव्या करून शुक्रवारी आण. आणि या म्हाताऱ्याला बांधून ठेव."

मार्लिसचे डोळे भरून आले. तिला स्वतःचाच राग आला.

"गाडीत बसा," ती सासऱ्याला म्हणाली. "आणि कशालाही हात लावू नका."

ती डबा घेऊन बाहेर आली तेव्हा ऑर्विल पुढच्या सीटवर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.