चार फुटांची जागा

मित्रांनो, बेळगावच्या वडगाव भागात एका बोळात तीन मजली घर आहे. रुंदी जेमतेम पंधरा फूट, आणि दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या. त्या घराचा नकाशा आखताना आधी मला कागदावर ठेवलं आणि मग उरलेल्या जागेत माणसं बसवली. मी त्या घरातला जुना यंत्रमाग आहे.

माझं अंग बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं आहे. उद्यमबाग या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका भट्टीत वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात ओतून माझ्या बाजू घडवल्या. मष्णू नावाच्या विणकरानं मला घरी आणलं, तेव्हा हे घर कौलारू होतं आणि जमीन मातीची होती. त्यानं मला आधी दाराजवळ बसवलं. साडीत दाट-विरळ पट्टे पडू लागले. म्हणून त्यानं मला आत सरकवलं, तर पट्टे आणखी वाढले. शेवटी त्यानं खाली दगड घातले, सिमेंट ओतलं आणि मला बोल्टांनी आवळलं. कापड लगेच सुधारलं. खरं कारण साधं होतं. मऊ जमिनीत माझा एक पाय खचत होता. सिमेंटवर तो खचायचा थांबला. मष्णूनं मात्र वेगळा अर्थ काढला. त्यानं माझ्यापुढे नारळ फोडला आणि घरच्यांना बजावलं, "बसला त्यो बसला. आता ह्येला कुणी हलवायचं न्हाय."

तो त्या घराचा नियम झाला.

मष्णूची बायको चंपाबाई माझ्याशेजारी बसून कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्यात घालायची सुताची छोटी गुंडाळी. माझा धोटा इकडून तिकडे धावतो आणि कांडीवरचं सूत उभ्या धाग्यांत गुंफत जातो. माझ्या खडखडाटात माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. पण एखादा धागा तुटला की चंपाबाईची मान आपोआप माझ्याकडे वळायची. दार उघडं असायचं. बोळातून कोण गेलं, कोण आलं, सगळं तिला जागेवरून दिसायचं. खंडेनवमीला ती मला झेंडूची माळ घालायची आणि म्हणायची, "माझा थोरला ल्योक ह्यो."

मष्णू गेला. थोरला मुलगा राजकुमार मला चालवू लागला. धाकटा साईराज उद्यमबागेत एका भट्टीवर कामाला लागला. दोघांची लग्नं झाली, मुलं झाली. जागा होती तेवढीच राहिली, म्हणून घर पाडून उंच बांधायचं ठरलं. राजकुमारची मुलगी आरोही तेव्हा नुकतीच इंजिनिअर झाली होती. तिनं टेप घेऊन सगळं घर मोजलं, मलाही मोजलं, आणि एका संध्याकाळी माझ्यावरच नकाशा पसरला.

"माग चार फूट पुढं घ्यायचा, आप्पा. मग मागं आज्जीची खोली निघते. संडास लागूनच. जिना पण सरळ जातोय."

"माग न्हाय हलायचा," राजकुमार म्हणाला.

"का पण?"

"तुझ्या आज्जानं सांगितलंय."

साईराज हसला. "अण्णा, ह्येच्या दसपट वजनाची मशीनं आम्ही हलवतोय की. लेव्हल बघायची, बोल्ट आवळायचं, झालं."

"तुमच्या मशीनवर लुगडी विणत्यात व्हय रं? पट्टा पडला तर व्यापारी तुझ्या भट्टीवर येणार न्हाय. माझ्या दारात येऊन बोंबलणार."

आरोही आजीकडे वळली. "आज्जी, तू तरी सांग की. तुझे गुडघे कसे आहेत, माहीत आहे न्हवं तुला?"

चंपाबाईनं सुनेकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं. मग ती तोंडाला पदर लावून हसली. "मी काय सांगू गं? माग चाललाय म्हणून चूल चाललीया. मला काय, कुठंबी चालतंय. वय झाल्यावर माणसानं वरच, देवाच्या जवळ ऱ्हावं. तेवढाच एक मजला चढायचा वाचला!"

सगळे हसले आणि त्या हसण्यातच निर्णय झाला. मला बोलता आलं असतं तर मी सांगितलं असतं की मला खुशाल हलवा. मला फक्त खाली घट्ट जमीन लागते.

आरोहीनं नकाशा पुन्हा काढला. आजी पहिल्या मजल्यावर गेली. जिना माझ्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत शिरला. माझी बाजू आडवी येत होती, म्हणून तळाशी त्याला तिरक्या पायऱ्यांचं वळण द्यावं लागलं.

"लई अरुंद होतोय, आप्पा."

"माणूस जातंय न्हवं? मग बास."

दाराचं माप मात्र माझा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा लांब रूळ, आडवा धरून दोनदा घेतलं.

घर पाडलं तेव्हा मी ताडपत्रीखाली तिथेच उभा होतो. माझ्या चारी बाजूंनी खांब उठले. शेजारची शालूबाई दारातून ओरडायची, "राजकुमार, मागाचं लगीन काढलंस काय रं? मांडव घातलायस न्हवं!"

नव्या घरात चंपाबाईचा कांड्या भरायचा चरखा वर गेला. भरलेल्या कांड्या ती टोपलीत घालून उजेडासाठी ठेवलेल्या मोकळ्या जागेतून दोरीनं खाली सोडायची. "घे गं रचना," अशी हाक यायची आणि सून टोपली रिकामी करायची. सुरुवातीला चंपाबाई अधूनमधून खाली येऊन बसायची. मग पायऱ्यांवर बसत बसत येऊ लागली. मग यायची थांबली. तिच्या खिडकीसमोर हातभर अंतरावर शेजाऱ्यांची भिंत होती. एकदा तिनं नातीला विचारलेलं मी ऐकलं, "आरू, भाईर ऊन पडलंय काय गं?"

एका दुपारी टोपली आली नाही. धोट्यातली कांडी संपली. राजकुमारनं मला थांबवून वर हाक मारली. उत्तर आलं नाही. रचना वर गेली आणि किंचाळली. चंपाबाई चरख्याशेजारी पडली होती. तोंड वाकडं झालं होतं, पण श्वास चालू होता.

रुग्णवाहिका बोळाच्या तोंडाशी थांबली. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन धावत आली. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर अडलं. त्यांनी ते तिरपं करून पाहिलं, उभं करून पाहिलं.

"ओ, हे वळायचं न्हाय इथं. खुर्ची आणा."

प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांनी तिला साडीनं बांधलं. खुर्ची वळणापर्यंत आली आणि माझ्या व भिंतीच्या मध्ये रुतली. चंपाबाईचं डोकं माझ्या बाजूला टेकलं होतं.

"अण्णा, माग काढ! सरकीव त्यो आधी!" साईराज ओरडला.

राजकुमार पाना घेऊन माझ्या बोल्टांवर पडला. त्यानं सगळा जोर लावला. त्याच्या बोटांतून रक्त आलं. बोल्ट वर्षानुवर्षांच्या गंजानं धरले होते. एकही फिरला नाही. शेवटी खुर्ची परत वर ओढली, गाठी सोडल्या, आणि साईराजनं आईला पाठीवर घेतलं. तो बोळातून पळत गेला. बोळाच्या तोंडाशी पोचेपर्यंत तिचे हात त्याच्या गळ्यावरून सुटले होते.

लवकर नेलं असतं तर ती वाचली असती का? मला सांगता येणार नाही. जे ठाऊक नाही ते मी सांगत नाही. ती माझ्याजवळ अडकली होती, एवढं ठाऊक आहे.

तेरावा झाल्यावर राजकुमारनं भरमूला बोलावलं. भरमू माग दुरुस्त करणारा कारागीर. बोल्टांवर तेल सोडून ठेवलं, मग पान्याला लांब नळी लावून त्यानं ते एकेक सोडवले.

"आता कशाला, आप्पा?" आरोहीनं विचारलं.

"बघायचं हाय मला."

मला चार फूट पुढं घेतलं. पाणसळ लावून पातळी बघितली, नवे बोल्ट आवळले. राजकुमारनं बटण दाबलं. वीतभर कापड झालं, मग हातभर. तो खाली वाकून बघत होता. त्यानं कापडावरून तळवा फिरवला, उजेडापुढं धरून पाहिलं, परत फिरवला. मग मला बंद करून तो जमिनीवर बसला.

"एक बी पट्टा न्हाय," तो म्हणाला.

आरोही माझ्यामागे गेली आणि तिथल्या मोकळ्या जागेत भिंतीला टेकून उभी राहिली. त्या जागेत आजही कुणी काही ठेवलेलं नाही.

मित्रांनो, मी लोखंडाची वस्तू. माझी काळजी घ्या असं सांगायला मी बोललो नाही; माझी काळजी त्या घरानं गरजेपेक्षा जास्त घेतली. तुमच्या घरी कधी नव्या घराचा नकाशा पसरला, तर तुम्हीही वाकून बघा. आजीचं अंथरूण कुठं आहे, ते बोट ठेवून दाखवायला सांगा. आजारी माणसाला आडवं ठेवून रस्त्यापर्यंत कसं नेणार, तेही विचारा. मोठी माणसं कदाचित रागावतील. रागावू देत. आणि तुमची आजी हसून म्हणाली, "मला काय, कुठंबी चालतंय," तर तेवढ्यावर तो कागद गुंडाळू देऊ नका.