भोंग्याची तार

खोदयंत्रे भाड्याने देणाऱ्या त्या कचेरीत गिऱ्हाइकांची तक्रार बहुधा एकच असे. "मशीन मागे येताना फार केकाटतं हो, घरात बसवत नाही." मालकाने त्यावर सोपा उपाय काढला. लहान खोदयंत्राच्या मागच्या भोंग्याची तार त्याने पक्कडीने तोडून टाकली आणि गिऱ्हाईक खूश झाले. महिन्याभरातच त्या यंत्राचा चाकांवरचा पट्टा, चर मोजायला वाकलेल्या मालकाच्या सर्वांत जुन्या चालकाच्या पायावरून गेला. त्या दिवशी यंत्र दुसरा चालक हाकत होता. भोंगा वाजला नाही. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

आज तो जुना चालक कुबड्यांवर कचेरीत आला होता. सोबत त्याची आई होती, सत्तरी ओलांडलेली, पण पाठीचा कणा ताठ. बाहेर तेच यंत्र ट्रेलरवर चढवायची तयारी चालली होती. एका शाळेच्या पटांगणात गटार खोदायचे होते.

"या मावशी, बसा," मालक म्हणाला. "याची काळजी सोडा. फाटकावर खुर्ची टाकून देतो, बसून काम. शिवाय चपलांचा खर्च निम्मा झाला की! एक जोड आता दोन वर्षं पुरेल."

कचेरीतली माणसे हसली. मालक हसला की हसायचे, ही तिथली शिस्त होती. चालकाने मान खाली घातली. आई बसली नाही.

"खुर्ची मागायला आले नाही मी. ती तार जोडा, मगच मशीन शाळेत जाईल."

"शाळेनंच सांगितलंय, वर्ग चालू असतात, आवाज नको. आणि मावशी, राग मानू नका, दोष तारेचा नाही. याचं लक्ष नव्हतं. एवढं धूड मागून येतं आणि माणसाला कळत नाही?"

"तुम्हाला कळेल?"

"डोळे मिटूनही कळेल."

"मग चला बाहेर. कळलं तर मुलाला घेऊन निमूट घरी जाईन. नाही कळलं, तर तार तुम्ही जोडायची. तुमच्या हातानं."

चारचौघांत बोलून गेल्यावर मालकाला माघार घेता येईना. आवारात तो यंत्राकडे पाठ करून उभा राहिला. शेजारी दगड कापणारी करवत किंचाळत होती; अपघाताच्या दिवशीही कामावर अशीच करवत चालू होती.

"मागे वळायचं नाही," आईने बजावले.

चालकाला दोघांनी उचलून यंत्रावर बसवले. पट्टे हातातल्या दांड्यांनी चालतात, त्यात पायांचे काम नसते.

"अहो, निघालं की नाही अजून?" मालक ओरडला. "संध्याकाळ करता काय?"

बुटाची टाच मागून कोणी धरल्यासारखे त्याला वाटले. त्याने पाय उचलला. बूट उठला नाही. जिवाच्या आकांताने त्याने पाऊल उपसले आणि तो चिखलात तोंडावर पडला. पट्टा हातभर पुढे सरकला, बूट पत्र्यासारखा चपटा झाला आणि यंत्र थांबले.

या वेळी कोणी हसले नाही. आई जवळ येऊन उभी राहिली.

"लक्ष कुठं होतं, मालक?"

मालकाने चपट्या बुटाकडे पाहिले.

"माझ्या मुलाचा हात सराईत आहे, म्हणून बुटावर निभावलं. उठा आता. चपलांचा खर्च निम्मा झाला तुमचा."

मालक चिखलात बसून दोन्ही हातांनी पाऊल चाचपत राहिला. पाचही बोटे जागेवर होती, तरी तो पुन्हा पुन्हा पाहत होता. मग त्याची नजर वर गेली. चालकाच्या विजारीच्या रिकाम्या पायाला मारलेली गाठ त्याने त्या दिवशी प्रथमच नीट पाहिली.

"पक्कड आणा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आणि ती फाटकावरची खुर्ची राहू द्या. मशीन हाच चालवेल."

तार त्याने स्वतः जोडली. एका पायात बूट, दुसऱ्यात चिखल. चालकाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. यंत्र शाळेत गेले आणि तासाभरात तिथून आवाजाच्या तक्रारीचा फोन आला.

"केकाटणारच ते," मालक म्हणाला. "खिडक्या लावून घ्या."

वाचकहो, तार मालकाने तोडली खरी. पण पक्कड त्याच्या हाती कोणी दिली? शेजारच्या कामावर यंत्र ओरडू लागले की तक्रारीला फोन उचलणारे आपणच. ती ओरड आपल्यासाठी नसतेच. ती असते यंत्राकडे पाठ करून वाकलेल्या माणसासाठी. तुमची दुपारची झोप मोडत असेल, तर खुशाल मोडू द्या. मोडलेली झोप पुन्हा लागते. तुटलेला पाय लागत नाही.